मला न आवडलेली कादंबरी परत कपाटात ठेवा : ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
ठाणे (पश्चिम)

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुम्ही एका नव्या लेखिकेची पहिलीच कादंबरी देवघेवीतून काढून घेतलीत. सूचना फलकावर टाचलेल्या कागदावर एवढंच होतं की काही सभासदांच्या तक्रारींमुळे हे पुस्तक पुढील सूचनेपर्यंत दिलं जाणार नाही आणि त्यावर ठरलेली वाचक-चर्चाही होणार नाही. खाली शिक्का आणि कोणाची ते कळू नये अशी सही. त्याच दिवशी काउंटरजवळच्या टेबलावरची अभिप्राय वहीसुद्धा गेली. तिच्याबद्दल कागदात अवाक्षर नव्हतं. काउंटरवरच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मावशी, वही आत ऑफिसात आहे. मला नका ना विचारू." नाही विचारणार. त्यांना नोकरी करायची आहे. तुम्हाला विचारते, आणि चारचौघांत विचारते, कारण कार्यवाहांच्या हातात दिलेल्या अर्जाला उत्तर आलेलं नाही.

ग्रंथालयाचं नाव मी लिहिलेलं नाही. कादंबरीचं आणि लेखिकेचंही नाही, कारण या भांडणात तिला न विचारता ओढणं मला बरं वाटत नाही. तुम्हाला सगळं माहीतच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मी लेखिकेची नातेवाईक किंवा प्रकाशकाची माणूस असल्याची कुजबुज नको. ती कादंबरी मला आवडलेली नाही. अर्धी आवडली आणि अर्धीने संताप आणला. चर्चेच्या दिवशी ते मी लेखिकेच्या समोर बोलणार होते. टिपणं काढून ठेवली होती, पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आता पुस्तकच कुलपात गेलं, तर मी टीका कशावर करायची? ज्यांना वाचायलाच मिळत नाही अशा लोकांपुढे एखाद्या पुस्तकाला नावं ठेवायची, तर ती चहाडी झाली.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. तालुक्याचं गाव. एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ. शाळेच्या ओळखपत्रापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत आणि पुढे हार घालून भिंतीवर लावायच्या फोटोपर्यंत अख्खं गाव त्या एका माणसाच्या कॅमेऱ्यापुढे बसून गेलेलं. खून तोच करतो. हे गुपित नाही. सुरुवातीलाच तो स्वतः सांगतो, गिऱ्हाईकाला पासपोर्ट फोटोचा दर सांगावा तसं. एक प्रकरण त्याच्या तोंडून, एक त्याच्या वहिनीच्या. वहिनीला संशय आहे. हळूहळू लक्षात येतं की संशय शेजाऱ्यांना आहे, औषधाच्या दुकानदाराला आहे, पतपेढीच्या व्यवस्थापकाला आहे. बोलत कोणी नाही, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्याच्यापाशी अडकलेलं आहे. कोणाचा न दाखवण्यासारखा फोटो, कोणाची उधारी, कोणाच्या मुलीचं जमत आलेलं लग्न. खुनी कोण, हा या कादंबरीचा प्रश्नच नाही. गाव कधी बोलणार, हा आहे. शेवट मी सांगत नाही. तुमच्या कृपेने बऱ्याच जणांचा अजून वाचायचा राहिलाय.

हा पूर्वार्ध, तुम्हाला सांगते, फार चांगला आहे. माझे वडील बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार आणि काळा पहाड आमच्या घरात माणसांसारखे वावरायचे. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या वाचायला लोक वाचनालयात नंबर लावायचे. पुढे मी नारायण धारप वाचले, मतकरींच्या गूढकथा वाचल्या. पण खुन्याच्या डोक्यात शिरून तिथून गावाकडे बघणारं लिखाण मराठीत थोडंच. एखादी मुलगी पहिल्याच पुस्तकात ते धाडस करते आणि निम्म्या वाटेपर्यंत तोल सांभाळते. पोलीस येऊन गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात कपबशा विसळते तो प्रसंग काढून वाचा. रक्ताचा एक थेंब नाही त्यात, आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

आता संतापाचं सांगते, आणि इथे जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण चर्चेत मला हेच बोलायचं होतं.

मी ठाण्याच्या मनोरुग्णालयात परिचारिका होते. १९०१ सालापासूनचं ते रुग्णालय. नोकरीची बहुतेक वर्षं स्त्री विभागात गेली. तिथे किती प्रकारची माणसं पाहिली ते सांगत बसले तर दुसरं पत्र होईल. बऱ्या झालेल्या पण घरच्यांनी दिलेला पत्ताच खोटा निघाल्यामुळे कुठे जायचं हे ठाऊक नसलेल्या बायका पाहिल्या. 'ठाण्याला पाठवू का?' ही महाराष्ट्रभर चालणारी थट्टा कामावर जातायेता ऐकली, बसमध्ये, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत. त्यामुळे पुस्तकात खुन्याला मानसिक आजार असल्याचं आलं की माझे कान टवकारतात.

या कादंबरीच्या उत्तरार्धात लेखिकेने फोटोग्राफरला स्किझोफ्रेनिया लावून टाकला आहे. अचानक त्याच्या कानात आवाज यायला लागतात, आवाज म्हणतील ते तो करतो, आणि सगळ्याचा उलगडा होतो. अहो, पण याच माणसाने आधीच्या शंभर पानांत हिशेबाच्या वह्या ठेवल्या आहेत, आपण त्या रात्री कुठे होतो याचे साक्षीदार आधीच तयार केले आहेत, फरशी पुसली आहे, ओला पंचा वेगळ्या गावच्या लाँड्रीत टाकला आहे! स्किझोफ्रेनियात माणसाचा विचार विस्कटतो. भास होतात, संशय येतो, बोलण्याचा धागा तुटतो, कित्येक जण अंघोळ-जेवणही सोडून कोपऱ्यात बसून राहतात. यातले बहुसंख्य कधी कोणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांत आणि लुबाडले जाणाऱ्यांत त्यांची संख्या जास्त असते. थंड डोक्याने बेत आखणं, दुसऱ्याच्या वेदनेने न हलणं, पश्चात्तापाचा मागमूस नसणं, हा व्यक्तिमत्त्वाचा विकार. मानसोपचारशास्त्रात त्याचा कप्पाच वेगळा आहे. लेखिकेने दोन्ही एकाच डोक्यात कोंबलं.

शिवाय कोर्टाच्या प्रकरणात त्याचा वकील आजाराचा कागद पुढे करतो आणि तेवढ्यावर सगळे गप्प होतात. कायदा इतका भोळा नाही. जुन्या दंड संहितेचं कलम ८४, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२, दोन्ही एकच विचारतात : ते कृत्य करताना, मनोविकारामुळे, आपण काय करतोय हे किंवा ते चुकीचं आहे हे कळण्याची क्षमताच त्या माणसाला नव्हती का? ज्याने फरशी पुसली त्याला कळत होतं.

कोणी रमण राघवचं नाव घेईल. घ्यावं. १९६८ साली मुंबईत पकडलेल्या, एकामागोमाग एक खून करणाऱ्या त्या माणसाला स्किझोफ्रेनिया असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि पुढे उच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. पण एका रमण राघवची गोष्ट पन्नासहून जास्त वर्षं घराघरांत सांगितली जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर तीनशे-साडेतीनशे माणसांत एकाला हा आजार आहे, त्यातली गोळी घेऊन लोकल पकडणारी, पोळ्या लाटणारी माणसं कोणाच्याच गोष्टीत येत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला बघा. पुण्यातलं १९७६-७७चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड, दहा खून, करणारी कॉलेजात शिकणारी मुलं. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. कोल्हापूरचं गावित मायलेकींचं प्रकरण १९९६ साली उघड झालं, तेही लहान मुलांचे बळी. वेडाच्या सबबीवर यांतलं कोणी सुटलं नाही.

म्हणजे माझं लेखिकेशी भांडण एवढंच : पूर्वार्धात तू गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस आणि उत्तरार्धात एका आजाराचं नाव देऊन अख्ख्या गावाला सोडून दिलंस. ज्यांनी गप्प राहून त्याला सांभाळलं त्यांना सगळ्यांना 'तो वेडा होता हो' म्हणायची सोय झाली. हे मला तिच्या तोंडावर म्हणायचं होतं. ती काय म्हणते ते ऐकायचं होतं. कदाचित तिच्याकडे उत्तर असेल. कदाचित तो आजारही गावाने रचलेला असेल आणि माझ्याच लक्षात आलं नसेल. आमच्यातल्या एका वाचकाने वहीत तशी शंका लिहिलीही होती.

वहीबद्दल बोलू या. मंडळातल्या किती जणांनी ती वाचली मला माहीत नाही. मी वाचली होती, ती आत जाण्यापूर्वी, आणि माझ्याआधी दोघं-तिघं रांगेत उभे होते. अभिप्राय वहीसाठी रांग! एरवी तिच्यात काय असतं? 'पंखा आवाज करतो', 'दिवाळी अंक लवकर आणावेत', आणि दहावीच्या मुलांनी पेन चालतं का हे बघायला मारलेल्या रेघा. या कादंबरीने त्या वहीची पानंच्या पानं भरली.

एकीने लिहिलं होतं की रात्री वाचू नये, मी वाचली आणि उठून दाराची कडी पाहून आले. एक गृहस्थ चिडले होते : खुनी सुरुवातीलाच कळतो, मग उरलेली पानं कशासाठी? त्याखाली दुसऱ्या शाईत कोणीतरी लिहिलं, 'वाचण्यासाठी.' एकाने लेखिकेला डॉक्टरांकडे जायचा सल्ला दिला होता. एका कॉलेजच्या मुलीचा आक्षेप मला पटला : मेलेल्या बायकांना नावं आहेत पण त्यांना स्वतःचं एकही प्रकरण नाही, त्या फक्त फोटोत आहेत. एका आजोबांनी शुद्धलेखनाच्या चुका पान क्रमांकांसह दिल्या होत्या, कथेबद्दल चकार शब्द नाही. आणि एक नोंद होती, पेन्सिलने, नाव नाही : आमच्या गावात असाच एक होता, सगळ्यांना माहीत होतं, आमच्या घरालाही. पुढे काही नाही. ज्याने कोणी ते लिहिलं त्याने ते आयुष्यात पहिल्यांदाच कुठे लिहिलं असेल, असं मला त्या अक्षरावरून वाटलं. वाटलं म्हणते, पुरावा नाही.

ती वही आता तुमच्या ऑफिसातल्या कपाटात आहे. का? पुस्तकाबद्दल तक्रार होती असं मानलं, तर वाचकांच्या हस्ताक्षराबद्दल कोणाची तक्रार होती?

तक्रारी नेमक्या काय होत्या हे तुम्ही जाहीर केलेलं नाही. पण संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारली की ठाण्यात काहीच लपत नाही.

पहिली तक्रार म्हणे अशी, की कादंबरीतलं गाव ओळखू येतं आणि त्याची बदनामी होते. नौपाडा-पाचपाखाडीत निम्मी घरं कोकणातून, घाटावरून आलेली, प्रत्येकाला आपलंच गाव वाटलं. याला बदनामी म्हणायचं की लेखिकेचं कसब, हे चर्चेत ठरलं असतं. आणि 'आमच्याकडच्या छोट्या गावात असं घडतच नाही' म्हणणाऱ्यांनी मानवत आठवावं. परभणी जिल्ह्यातलं मानवत, १९७२ पासून पुढे, गुप्तधनाच्या नादात बायका-मुलींचे एकामागोमाग एक खून. तेव्हा वर्तमानपत्रं रोज त्यानेच भरलेली असायची, आणि वर्तमानपत्रं ग्रंथालयात येतच होती. ती कोणी कपाटात ठेवली नाहीत.

दुसरी तक्रार मुलांच्या हाती पडेल ही. बालविभाग तळमजल्यावर आहे, ही कादंबरी वरच्या मजल्यावर होती. तुमच्याच नियमाप्रमाणे बालसभासदाला वरच्या मजल्यावरचं पुस्तक मिळत नाही. शिवाय हा मुद्दा आजचा नाही. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२ सालच्या एका दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि कोवळ्या वयाच्या वाचकांचं काय होईल ही काळजी तेव्हाही होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. इथे तर अश्लीलतेचा प्रश्नच नाही. पुस्तकावर 'प्रौढ वाचकांसाठी' असा शिक्का मारायचा असेल तर खुशाल मारा, माझी हरकत नाही.

तिसरी तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खुन्याबद्दल कणव वाटते, असं एका ताईंचं म्हणणं होतं. त्यांच्या घरात पूर्वी काही वाईट घडलेलं आहे असं ऐकलं, म्हणून जास्त लिहीत नाही. त्यांना तसं वाटणं अगदी बरोबर आहे. खुन्याच्या तोंडून गोष्ट सांगितली की वाचक काही काळ त्याच्या बाजूने विचार करू लागतो, आणि ज्याच्या माणसावर वार झाला त्याला ते सहन होत नाही. पण मग या ताईंना त्या सभागृहात पहिली खुर्ची आणि पहिला बोलायचा मान द्यायला हवा होता. लेखिकेला त्यांचं ऐकावं लागलं असतं. आम्हालाही. तुम्ही काय केलंत? त्यांच्या नावाचा आडोसा घेतलात, पुस्तक आत ठेवलंत आणि त्यांनाही घरी पाठवलंत. त्यांचं म्हणणं आज एका तक्रार अर्जात पडून आहे.

आता माझ्या तक्रारी, ज्या लेखिकेशी नाहीत, तुमच्याशी आहेत.

हे पुस्तक आकाशातून पडलं नाही. तुमच्या ग्रंथनिवड समितीने ते निवडलं, पैसे दिले, दाखल क्रमांक पडला. मग ते काढायचा निर्णय त्याच समितीने घेतला का? माझ्या माहितीप्रमाणे समितीची बैठकच झाली नाही. मंडळातल्या एका सदस्यांना मी भाजी मार्केटात गाठून विचारलं, तुम्ही वाचलं का हो? म्हणाले, "अहो, वाचायला वेळ कुठे, विषय कळला ना." विषय कळला! विषय कळण्यावर पुस्तकं ठेवायची-काढायची झाली तर महाभारत कुठे ठेवणार?

दुसरं, लेखिकेला तुम्ही कळवलंत कसं? 'अपरिहार्य कारण' म्हणून फोनवर. पहिल्या पुस्तकाचं काय असतं याची तुम्हाला कल्पना असायला हवी. मराठीत नव्या लेखकाची आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली पाचशेचीही निघते, आणि त्यातल्या बऱ्याच प्रतींचा भरवसा ग्रंथालयांवर असतो. तिच्या पुस्तकाला शिव्या पडल्या असत्या तर तिने पुढचं पुस्तक अधिक चांगलं लिहिलं असतं, निदान अधिक काळजीने. पुस्तकाला कोणी काहीच म्हटलं नाही, तर तिला शिकायला काय उरलं?

तिसरं, आणि हे मला सगळ्यात लागलं. तुम्ही आम्हा सभासदांना लहान मुलं समजलात. दरवर्षी १२ ऑगस्टला तुम्ही डॉ. रंगनाथनांच्या फोटोला हार घालता. ग्रंथपाल दिन म्हणून पेढेही वाटता, चांगले असतात. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. हे तीन नियम तुमच्याच जिन्यात रंगवलेले आहेत, त्यांच्या खालून ते पुस्तक ऑफिसात नेताना कोणाला वर बघावंसं वाटलं नाही? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा दारावर केवढा मोठा फलक लावला होतात. मीही त्यासमोर फोटो काढला. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करता. आम्ही प्रेरणा घेऊन वाचलं, वाचून वाद घातला, आणि तुम्हाला तेच नको झालं.

काही जण म्हणतील, खासगी संस्था आहे, मंडळाची मर्जी. तसं नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेऊन, शासनाचं अनुदान घेऊन चालणारं हे सार्वजनिक ग्रंथालय आहे. याच शहरात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं, तेव्हापासून ठाण्यातल्या माणसाला पुस्तक मागायची सवय आहे. ती सवय एका टाचलेल्या कागदाने मोडणार नाही, पण तुमच्या दारात मात्र येईनाशी होईल.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत एकाने टोमणा मारला, "मंडळ आणि कादंबरीतलं गाव सारखंच निघालं, दोघंही गप्प." सगळे हसले. मला तो टोमणा सोपा वाटतो आणि थोडा अन्यायाचाही. तुम्ही कोणाचा गुन्हा लपवलेला नाही. चार माणसांनी आरडाओरडा केला, निवडणूक जवळ आली आहे, कटकट नको म्हणून तुम्ही सोपं ते केलंत. मी सरकारी नोकरीत होते, अशी सोपी कामं मीही जवळून पाहिली आहेत. म्हणूनच हे पत्र रागाने कमी आणि आशेने जास्त लिहिते आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. ती कादंबरी वरच्या मजल्यावर तिच्या जागी परत ठेवा आणि देवघेव सुरू करा. माझ्या माहितीत पुष्कळ जण प्रतीक्षेत आहेत. एक प्रत आणखी घेतलीत तर उत्तम.

२. अभिप्राय वही टेबलावर ठेवा. एकही पान न फाडता, एकही ओळ न खोडता. कोणी शिवीगाळ लिहिली असेल तर तेवढ्यावर कागद चिकटवा आणि खाली ग्रंथपालांची सही असू द्या.

३. रद्द केलेली वाचक-चर्चा पुढच्या महिन्याच्या आत घ्या. तक्रारदारांना पहिल्यांदा बोलू द्या. लेखिकेला रीतसर पत्र पाठवून बोलवा. यायचं की नाही ते ती ठरवेल. मानसोपचारावर बोलायला एखादे तज्ज्ञ डॉक्टर हवे असतील तर माझ्या ओळखीने विचारू शकते, ते मानधन घेणार नाहीत.

४. पुढे असं घडू नये म्हणून तक्रारीची पद्धत लिहून ठेवा. तक्रार लेखी हवी आणि पुस्तक वाचल्याचं त्यात कळलं पाहिजे. ग्रंथनिवड समितीने पुस्तक वाचून, बैठक घेऊन, कारणांसह निर्णय द्यावा. निर्णय होईपर्यंत पुस्तक वाचकांना मिळत राहावं. काढायचंच ठरलं तर कोणत्या कारणाने, ते नाव-तारखेसह फलकावर लावावं.

५. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना या प्रकरणात मध्ये घालू नका. सभासदांच्या प्रश्नांना उत्तर देणं मंडळाचं काम आहे.

हे पत्र मी ग्रंथालयाच्या आवक नोंदवहीत नोंद करून देणार आहे आणि त्याची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाईल. ही धमकी समजू नये. नियमात जे आहे तेच करते आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा म्हणून सह्या गोळा करायचंही मनात आहे, पण त्याआधी तुमचं उत्तर आलं तर माझे जिने चढायचे वाचतील. हल्ली गुडघे कुरकुरतात.

उत्तर लेखी द्या. घरी पाठवायचं नसेल तर सूचना फलकावर लावलं तरी चालेल, मी वाचून जाईन. आणि चर्चेच्या दिवशी जागेची अडचण सांगितली जाईल हे मी धरून चालले आहे, म्हणून आधीच कळवते : आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी संध्याकाळी रिकामा असतो, खुर्च्या आहेत, माइकही आहे. पण ही चर्चा मला तुमच्याच सभागृहात हवी आहे.

कळावे,
आपली,
एक आजीव सभासद
नौपाडा, ठाणे